वॅट वाढवण्याआधी अर्थिंग बघा

या चर्चेत वर कोणीतरी सुचवलंय की भर उन्हात गाडीचा इंडिकेटर दिसत नसेल तर जास्त वॅटचा बल्ब टाका. तसं करू नका. २१ वॅटसाठी बनवलेला होल्डर आणि दिव्याची प्लॅस्टिकची काच त्या उष्णतेने वितळू शकते, आणि खरं दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

माझ्या जुन्या गाडीचा मागचा डावा इंडिकेटर असाच मिणमिणायचा. होल्डर काढला तर आत हिरवट गंज, अर्थिंग (गाडीच्या सांगाड्याशी असलेला जोड, ज्यातून वीज परत जाते) ढिलं. म्हणजे बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतच नव्हतं. पॉलिश पेपरने घासलं, झालं काम. फिलामेंटच्या बल्बला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तरी उजेड जवळपास पाव हिस्स्याने घटतो.

दुसरा घोळ उन्हाचा. सूर्य खाली असताना किरण थेट दिव्याच्या रिफ्लेक्टरवर पडतात आणि बंद दिवाही पेटल्यासारखा भासतो. मग मागच्याला उघडझाप कळणार कशी? एलईडी झटकन पेटतो-विझतो, म्हणून जरा बरा. पण फिलामेंटच्या बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात स्वस्तातला एलईडी कोंबलात तर उजेड भलतीकडेच फाकतो.

तोवर वळायच्या बरंच आधी इंडिकेटर द्या, आणि दुचाकीवर असाल तर हातही दाखवा.