मंगळवारी ओहायोत मत कुणाला? (नोकरी गेलेल्या माणसाचा प्रश्न)

डब्लिनकर | १ मार्च २००८

येत्या मंगळवारी, ४ तारखेला, आमची ओहायोची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचं मतदान. मी गेल्या वर्षी सिटीझन झालो, म्हणजे या देशातलं हे माझं पहिलं मत. आणि नेमका ते द्यायच्या वेळी मी घरी बसलोय.

कोलंबसला एका मोठ्या कंपनीत अकरा वर्षं मेनफ्रेमवर (कंपन्यांचे जुने मोठे कॉम्प्युटर) होतो. ऑक्टोबरात खोलीत बोलावून सांगितलं की तुमचं काम पुण्याला जातंय, सेव्हरन्स (जातानाचे पैसे) हवा असेल तर तीन महिने थांबून केटी द्या, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपलं काम नव्या माणसांना शिकवायचं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला नापास विषयाची केटी एकदाही लागली नव्हती, ती पंचेचाळिशीत लागली. पुण्याहून दोन मुलं आली, एक वारज्याचा, एक साताऱ्याचा. पहिल्याच दिवशी साताऱ्याच्याने माझं आडनाव वाचून हळूच विचारलं, "सर, मराठी का?" पुढचे तीन महिने माझी नोकरी मी शुद्ध मराठीत त्यांच्या हवाली केली. थंडीत हॉटेलात कुठे खाणार बिचारे, म्हणून दोन-तीनदा जेवायला घरी आणलं. बायको पिठलं वाढताना आग्रह करत होती. मुलगा ताट घेऊन वर निघून गेला.

आता मुद्दा. गेल्या मंगळवारी क्लीव्हलंडला डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या हिलरी क्लिंटन आणि ओबामांचा वाद झाला, तो टीव्हीवर पाहिला. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराने, टिम रसर्टने, दोघांनाही विचारलं, नाफ्टातून बाहेर पडणार का? दोघंही म्हणाले, बाहेर पडायची धमकी देऊन अटी बदलून घेऊ. ओहायोत आल्यावर नाफ्टाला शिव्या द्यायच्या, हे पंढरपुरात विठ्ठलाचं नाव घेण्यासारखं आहे. पण नाफ्टा म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाशी केलेला करार. त्यात पुणे कुठे आलं? माझी नोकरी फायबरच्या तारेतून गेली, आणि त्या तारेबद्दल दोघांकडेही धड उत्तर नाही.

तरी माझं मत हिलरीकडे झुकतंय, ते विम्यासाठी. नोकरीबरोबर विमा जातो आणि मग कोब्रा नावाचा साप विळखा घालतो, म्हणजे जुनाच विमा सगळा हप्ता आपल्या खिशातून भरून चालू ठेवायचा. महिन्याला हजाराच्या वर डॉलर, पगार शून्य. हिलरीबाई म्हणतात विमा सगळ्यांना सक्तीचा, म्हणजे आजारी माणसालाही कंपनीने नाही म्हणायचं नाही. ओबामा सक्ती फक्त मुलांपुरती करतात. घरात फूट पडली आहे. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीही ओहायोत प्रायमरीला मत देता येतं, त्यामुळे चिरंजीवही मतदार. ते ओबामांचे.

---

क्लीव्हलंडची_सून | १ मार्च

तुमच्या चिरंजीवांना माझ्याकडून शाबासकी!

डब्लिनकर, नोकरी गेल्याचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुमचा हिशेब उलटा आहे. विमा सक्तीचा केला आणि हातात पैसेच नसले तर काय करणार? दंड भरणार? लोक हौसेने बिनविम्याचे राहत नाहीत हो, परवडत नाही म्हणून राहतात. ओबामा तेच म्हणताहेत, आधी स्वस्त करा.

मी गेले तीन आठवडे संध्याकाळी त्यांच्यासाठी फोन करते आणि शनिवारी दारोदार फिरते. आज क्लीव्हलंडच्या स्लाव्हिक व्हिलेज वस्तीत गेले होते. एका गल्लीत ओळीने पाच घरांना फळ्या ठोकलेल्या. तांब्याचे पाइपसुद्धा चोरांनी उपटून नेलेले. सहाव्या घरात एक म्हातारी एकटी. तिने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय, "बँकेकडून आलीस का?" या माणसांची नोकरी आधी गेली, मग घर गेलं. ओबामांनी कामाची सुरुवातच शिकागोच्या दक्षिण भागात पोलादाच्या गिरण्या बंद पडल्यावर बेकार झालेल्या वस्त्यांमधून केली, १९८५ साली. आणि नाफ्टावर सही कुणाची आहे? हिलरींच्या यजमानांची, १९९३ ची. बाई आठ वर्षांचा अनुभव सांगतात तेव्हा ती सहीही अनुभवातच धरायची ना? इराक युद्धाच्या बाजूने त्यांनी दिलेलं मत तर बाजूलाच ठेवते.

---

टोणगा | १ मार्च

प्लेनो, टेक्सासहून रामराम.

अख्ख्या निवडणुकीत नोकऱ्यांबद्दल खरं एकच माणूस बोलला, रिपब्लिकन मॅकेन. जानेवारीत मिशिगनला जाऊन त्यांनी तोंडावर सांगितलं की गेलेल्यांपैकी काही नोकऱ्या परत येणार नाहीत. त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी रॉम्नी म्हणाले, येतील, मी लढेन. १५ जानेवारीला मिशिगन रॉम्नींनी घेतलं. खरं बोलणारा हरला. यात दोष पुढाऱ्यांचा की मतदारांचा, ते तुम्हीच ठरवा. (त्यानंतर महिन्याभरात रॉम्नी शर्यतीतूनच बाहेर पडले, ते सोडा.)

आणि डब्लिनकर, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर मेरिसव्हिल आहे. १९८२ पासून होंडा तिथे अ‍ॅकॉर्ड बनवते. तेव्हा जपानात कुणी "आमच्या नोकऱ्या ओहायोला चालल्या" म्हणून रडत बसलं असेल की नाही? अकरा वर्षांपूर्वी वायटूकेसाठी (२००० साल लागताना कॉम्प्युटर अडू नयेत म्हणून) तुम्हाला इथे आणलं तेव्हाही कुणाची तरी खुर्ची हललीच असेल. २००० साली एच-वन या नोकरीच्या व्हिसाचा कोटा १,९५,००० पर्यंत कुणी नेला? क्लिंटननीच. मग दार आपण आत आल्यावरच बंद करायचं?

जाता जाता एक गंमत. इकडे रिपब्लिकन रेडिओवर चाललंय की डेमोक्रॅटिक बॅलट घ्या आणि हिलरीला मत द्या, म्हणजे भांडण लांबेल. माझा शेजारी खरंच जाणार आहे. दिवसा मत आणि रात्री पुन्हा कॉकसलाही (पक्षाच्या सभेत जाऊन कौल द्यायला), कारण टेक्सासात एकाच निवडणुकीची दोन जेवणं असतात.

---

मास्तर | २ मार्च

सगळ्यांच्या तोंडी नाफ्टा आहे म्हणून कॅलेंडर बघा. करार लागू झाला १ जानेवारी १९९४ ला. त्यानंतरची पाच-सहा वर्षं ओहायोतले कारखाने बरे चालले होते. घसरण २००० नंतरची, तेव्हापासून राज्यातल्या दोन लाखांहून जास्त कारखानी नोकऱ्या गेल्या. या दरम्यान काय झालं? २००० मध्ये चीनशी कायमचे व्यापारसंबंध मंजूर झाले आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. दुसरं कारण यंत्रं. तेवढंच पोलाद आज पूर्वीपेक्षा कितीतरी कमी माणसांत निघतं. यंगस्टाउनची गिरणी तर १९७७ मध्ये बंद पडली, एका सोमवारी पाच हजार माणसं घरी. तेव्हा नाफ्टा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

मग शिव्या नाफ्टालाच का? कारण चीनवर बोललं तर वॉलमार्टमधल्या किमतींवर बोलावं लागेल, आणि यंत्रावर बोललं तर टाळ्या पडत नाहीत.

टोणगा, होंडाचं उदाहरण चांगलं आहे पण अर्धंच. मेरिसव्हिलच्या होंडात युनियन नाही. यंगस्टाउनची नोकरी गेली आणि मेरिसव्हिलची आली, हे कागदावर बरोबर. पण ती त्याच माणसाला मिळाली नाही, आणि मिळणार नव्हतीच. एवढं कबूल केलं नाही तर मुक्त व्यापाराची बाजू घेणारा प्रत्येक जण ओहायोत मार खाणार, आणि खायलाच हवा.

---

रात्रपाळी | २ मार्च

हिंजवडीतून लिहितोय, पहाटेचे साडेतीन झालेत. तुमच्याकडचा शनिवारचा रन (कॉम्प्युटरवर ठरल्या वेळी चालणारी कामं) आम्ही बघतो.

डब्लिनकर साहेब, तुम्ही जेवायला घातलंत त्या मुलांच्या जागी मीही असू शकलो असतो. मागच्या वर्षी मीसुद्धा असाच केटी घ्यायला मिनेसोटात गेलो होतो. तिथल्या एका बाईंनी तीन आठवडे सगळं शिकवलं आणि शेवटच्या दिवशी डेस्कवरचं रोप मला दिलं, "पाणी घालशील ना?" म्हणून. ते विमानात कसं आणणार? तिथेच ठेवून आलो. अजून डोक्यातून जात नाही.

पण एक सांगतो. तुमची खुर्ची जशीच्या तशी आमच्याकडे आलेली नाही. तिचे तुकडे करून एक पाय इकडे पाठवलाय. डॉलर चाळीस रुपयांवर आला तर आमचं व्हेरिएबल (पगारातला बदलता भाग) कापलं. क्लायंट म्हणतो अजून वीस टक्के कमी करा, नाहीतर आणखी स्वस्त जागा आहेत. इकडच्या पेपरात पहिल्या पानावर येतं, ओबामा आले तर आउटसोर्सिंग बंद होणार. ऑफिसच्या बसमध्ये त्यावर भांडणं होतात. मत तुमचं, आणि पोटात गोळा आमच्या.

टोणगा, तुमचा मॅकेन आम्हाला सोयीचा आहे हे खरं. म्हणून मी त्याचा प्रचार करणार नाही, एवढी लाज आहे.

---

मोगरा | २ मार्च

एडिसनहून. आमच्याकडे ५ फेब्रुवारीलाच उरकलं, न्यू जर्सी हिलरींची. मला मत नाहीच, मी एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याची बायको म्हणून आलेली.

तुम्ही सगळे हिलरी की ओबामा करत बसलात, म्हणून दोन आठवणी. गेल्या जूनमध्ये ओबामांच्या कचेरीतून एक टिपण बाहेर आलं होतं, त्यात हिलरींच्या नावापुढे राज्य काय, तर पंजाब! भारतीयांकडून पैसे घेतात म्हणून टोमणा. नंतर ओबामांनी चूक झाली म्हणून सांगितलं. आणि हिलरीबाई? २००३ मध्ये बफेलोला टीसीएसच्या ऑफिसच्या उद्घाटनाला त्या हजर होत्या, आउटसोर्सिंग दोन्ही बाजूंनी होतं असं म्हणायच्या. आता ओहायोत तोंडातून शब्द नाही. देणगीच्या जेवणात आपण "कर्तबगार समाज", सभेत आपण "बाहेर गेलेल्या नोकऱ्या".

आणि ते बुशसाहेबांचे सहाशे डॉलर, मंदी येऊ नये म्हणून वाटताहेत ते. नियम वाचलात का कुणी? नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरलं आणि एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तर दोघांनाही शून्य. एच-फोरला नंबर मिळतच नाही. नवरा सात वर्षं टॅक्स भरतोय, पण मी त्याची बायको असल्यामुळे त्याचेही गेले. मी एम.कॉम. आहे, डोंबिवलीला सहकारी बँकेत सहा वर्षं नोकरी केली. इथे "जॉब मार्केट" हा शब्द ऐकला की मला हसू येतं. या बाजारात मला भाजीसुद्धा विकायची परवानगी नाही.

---

टोणगा | २ मार्च

मोगराताई, हे मात्र माहीत नव्हतं. सरळ अन्याय आहे. यावर वाद नाही.

---

डब्लिनकर | ३ मार्च

एकेकाला उत्तर देतो.

सूनबाई, आजची बातमी वाचलीत? ओबामांचे अर्थसल्लागार शिकागोच्या कॅनेडियन वकिलातीत जाऊन बोलून आले, आणि तिथल्या टिपणात आहे की नाफ्टावरचं बोलणं म्हणजे धोरण नव्हे, प्रचारातला पवित्रा. गेल्या आठवड्यात तर प्रचारवाले असं काही झालंच नाही म्हणत होते. तुम्ही सहीबद्दल म्हणता ते मान्य, पण निदान ती सही सगळ्यांना दिसते तरी.

टोणगा, तुमचं वायटूकेवालं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. माझ्या आधी त्या डेस्कवर एक गोरे आजोबा होते. त्यांना निवृत्त केलं की काढलं, हे मी अकरा वर्षांत कधी विचारलं नाही. पण म्हणून मी आता मुकाट बसायचं, हे पटत नाही. मॅकेन खरं बोलले, ठीक. "तुमची नोकरी गेली" हे मला ऑक्टोबरात मॅनेजरनेही खरंच सांगितलं होतं. पुढे काय, ते दोघांनीही सांगितलं नाही.

रात्रपाळी, तुमच्यावर राग नाही. एक गंमत सांगतो. शनिवारी सकाळी साताऱ्याच्या मुलाचा फोन आला, आवाज रडवेला. फेब्रुवारी क्लोजिंगचा जॉब (महिनाअखेरच्या हिशेबाचा प्रोग्राम) एस-झिरो-सी-सेव्हन हा एरर देऊन पडतोय, तीनदा रन केला, तीनदा पडला. मला ऐकल्या क्षणी कळलं. यंदा लीप वर्ष आहे, २९ तारीख. २००४ मध्ये तो प्रोग्राम असाच पडला होता आणि मी रात्री बसून हाताने पॅच मारला होता. तो वर्षाला बांधलेला होता, कायमचा दुरुस्त करायचं राहून गेलं. केटीच्या कागदात लिहायचंही राहिलं. मुद्दाम नाही हो, खरंच विसरलो.

मुलगा समोर बसून सीरियल खात होता. म्हणाला, बाबा, फोन ठेव. तासाचे दोनशे डॉलर माग. बायको म्हणाली, माग की, काय चुकलं?

---

क्लीव्हलंडची_सून | ५ मार्च

ओहायो तुमच्या बाईंनी मारलं. जवळजवळ दहा टक्क्यांनी. सलग अकरा ठिकाणी हरल्यावर उठून उभ्या राहिल्या, मानलं. पण डेलिगेट्सची (उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींची) बेरीज करा, अंतर होतं तसंच आहे. आमच्याकडे दिवसभर पाऊस आणि बर्फ, त्यात काही केंद्रांवर बॅलट संपले, कोर्टाने वेळ वाढवून दिली. माझी स्लाव्हिक व्हिलेजची आजी मत देऊन आली, मीच गाडीतून नेलं. कुणाला दिलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

---

डब्लिनकर | ५ मार्च

घरात दोन विरुद्ध एक. पण आमच्या फ्रँकलिन काउंटीत ओबामा पुढे, त्यामुळे चिरंजीव सकाळपासून मला "मायनॉरिटी" म्हणताहेत. उद्या एक इंटरव्ह्यू आहे, सिनसिनाटीला, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. विमा नाही.

---

रात्रपाळी | ५ मार्च

शुभेच्छा साहेब. ते लीप वर्षाचं सांगितलंत का त्याला शेवटी?

---

डब्लिनकर | ५ मार्च

सांगितलं. प्रोग्राममधल्या त्या पॅराग्राफच्या नावासकट. आणि २०१२ साठी कमेंट टाकून ठेव म्हटलं, तेव्हा तूही तिथे नसशील.