अनुभव धागा: फ्रेंच डिझायनर आपल्या कारागिरांकडे शिकायला येतात तेव्हा...

फ्रान्सच्या डिझायनर मंडळींना भारतात कारागिरांसोबत काही आठवडे राहायला आणणारे बरेच प्रोग्राम हल्ली दिसतात. 2023 पासून फ्रेंच इन्स्टिट्यूटने तर 'व्हिला स्वागतम' नावाने रेसिडेन्सीचं जाळंच उभं केलंय. मी पुण्यात फ्रेंच शिकवते, आणि अशाच एका ग्रुपसोबत दुभाषी म्हणून कच्छात अजरखपूरला 3 आठवडे राहून आले (अजरख म्हणजे लाकडी ठशांनी नैसर्गिक रंगांत छापलेलं कापड). तुमच्यापैकी कोणी कारागीर, दुभाषी, विद्यार्थी म्हणून असं काही जवळून बघितलं असेल तर प्लीज लिहा. चांगलं-वाईट सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. 2001 च्या भूकंपानंतर धमडका या जुन्या गावच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले म्हणून छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांनी हे नवीन गाव वसवलं, आणि तिथे पहिल्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या छपाई कारागीर भाईंनी पाहुण्यांना रंग दाखवलाच नाही, पाणी दाखवलं. मग एक मडकं उघडलं. आत भंगार लोखंड, गूळ आणि पाणी, वर फेस, आणि वास असा आंबूस की दोघी मागेच सरकल्या. त्यात चिंचोक्याचं पीठ घालून शिजवलं की काळ्याची खळ तयार. हिरड्यात बुडवून पिवळट झालेल्या कापडावर भाईंनी ठसा ठेवला, मुठीने एक ठोका दिला, उचलला, आणि रेघ काळी! लोखंड आणि हिरडा भेटले की काळा होतो, वेगळा रंग टाकावा लागत नाही. एक मुलगी तो ठसा हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसली होती. तिनेच सांगितलं की 1686 ते 1759 फ्रान्समध्ये भारतीय छापील कापडावर बंदी होती, तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांचा धंदा बसत होता म्हणून. मी ते भाईंना हिंदीत सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे तुमच्या लोकांना फारच आवडलं असणार. मला अजून आठवतं ते.

---

ताई, हिरडा वाचून राहवलं नाही. आम्ही कोल्हापूरचे, चपलेचं काम पिढ्यानपिढ्या. आमच्याकडं कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडाच लागतो. एक फ्रेंच पोरगी आलती आमच्याकडं, सोल शिवायला शिकायचं म्हणून, कष्टाळू होती, आबांच्या शेजारी मांडी घालून दिवसभर आरी चालवायची, बोटं सोलली तरी उठली नाही. पण आली कधी, तर जुलैत! त्यांच्या सुट्ट्या तेव्हा. आता भर पावसात कातडं वाळणार कसं? 4 दिवसात वाळतंय ते 10-12 दिवस ओलंच, बुरशी धरायला लागली. आबा रोज सांगायचे, बाई, दिवाळीनंतर ये. प्रोग्राम ठरवणाऱ्यांनी आधी एक फोन केला असता तर तिचा वेळ आणि आमचं कातडं दोन्ही वाचलं असतं. टिकाऊ टिकाऊ म्हणतात, पण हंगाम कोण बघत नाही. आमचं काम ऊन-पावसावर चालतंय, कॅलेंडरवर न्हाई.

---

मी ल्योंला असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं थोडंसं. माझा ऑफिसमधला मित्र फर्निचर डिझायनर, क्योटोला व्हिला कुजोयामात 4 महिने राहून आला (ही फ्रेंच रेसिडेन्सी 1992 पासून चालू आहे). तो उरुशी म्हणजे जपानी लाख शिकायला गेला होता. कोल्हापूरचं वाचून गंमत वाटली, कारण उरुशीला उलट दमट हवाच लागते, कोरड्या हवेत ती घट्टच होत नाही. परत आल्यावर त्याने इथल्या स्टुडिओत घाई करणं सोडलं, क्लायंटला सरळ सांगतो की एवढे दिवस लागणारच. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

---

कडू अनुभव लिहिते, राग नाही, वाईट वाटतं. मी मुंबईत कोऑर्डिनेशन करायचे. एका स्टुडिओची टीम महिनाभर राहिली, भरतकाम करणाऱ्या बायकांकडून 40 सॅम्पल करून घेतले, मानधन दिलं, वागायला पण छान. पुढे प्रदर्शनाचे फोटो आले, पाटीवर फक्त डिझायनरचं नाव, खाली "भारतीय हस्तकला". त्यातल्या एका ताईंनी फोटो झूम करून करून स्वतःचा टाका ओळखला आणि मला विचारलं, माझं नाव कुठंय गं? काय उत्तर देणार. त्यानंतर कारागिराचं नाव आणि सॅम्पल पुढे वापरलं तर काय द्यायचं हे आधी कागदावर आल्याशिवाय मी काम घेतलं नाही. दोन कामं गेली, जाऊ देत.

---

धागाकर्ती परत: हे वाचून सांगावंसं वाटलं, अजरखपूरची ती ठसा धरून बसलेली मुलगी यंदा जानेवारीत स्वखर्चाने परत आली. पेथापूरहून (गुजरातमधलं लाकडी ठसे कोरणाऱ्यांचं गाव) नवीन ठसे करून घेतलेत, आणि पैसे मीटरवर नाही, भाईंच्या दिवसांवर ठरलेत, धुण्याचे आणि वाळवण्याचे दिवस धरून. कापडाच्या काठावर दोघांची नावं छापायची म्हणून एक छोटा ठसा वेगळा केलाय. भाईंचं नाव गुजरातीत कोरलंय.