कंटेनर बंद पडला, तरी एजंटचा अहवाल ‘सर्व ठीक’: चूक कुठे शोधावी?

प्रश्न – गाळा_क्रमांक_शून्य

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील काही अडत्यांसाठी आमची चार जणांची कंपनी हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवते. सगळा कारभार एका सर्व्हरवरील डॉकरच्या अकरा कंटेनरांत, म्हणजे प्रोग्राम स्वतंत्रपणे चालवणाऱ्या कप्प्यांत आहे. पहाटे आवक सुरू झाली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) एकामागोमाग निघू लागतात आणि नेमके त्याच वेळी आमच्यापैकी कोणी जागे नसते. म्हणून दोन महिन्यांपूर्वी लॉग (प्रोग्राम लिहीत जातात त्या नोंदी) तपासण्याचे काम आम्ही एका एआय एजंटकडे सोपवले. तो रोज सकाळी सहा वाजता प्रत्येक कंटेनरसाठी ‘डॉकर लॉग्ज’ ही कमांड चालवतो, तिचे आउटपुट ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडमधून गाळतो, त्यातील आजच्या तारखेच्या ओळी वाचतो आणि अहवाल पाठवतो.

गुरुवारी पहाटे ४.४० च्या सुमारास पट्ट्यांचा कंटेनर बंद पडला व आपोआप पुन्हा सुरू झाला. मधली पाच-सहा मिनिटे गाळ्यांवर हाताने पट्ट्या लिहाव्या लागल्या. सहाच्या अहवालात मात्र ‘कोणतीही गंभीर त्रुटी आढळली नाही’ असे होते. उलट, ‘एरर = ०’ अशी निरुपद्रवी ओळ छापणाऱ्या बॅकअपच्या कंटेनरबद्दल तो रोज न चुकता इशारा देतो. मॉडेल बदलावे, सूचना अधिक सविस्तर लिहाव्यात, की हा नादच सोडावा?

उत्तर – टेकडीवरून

मॉडेलला दोष देण्याआधी त्याच्या हाती काय पडले ते पाहावे. वेगळी व्यवस्था केलेली नसेल, तर कंटेनरमधील घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे चालते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे गुरुवारी पहाटेचे ४.४० झाले, तेव्हा लॉगमध्ये बुधवारी २३.१० अशी नोंद झाली असणार. सकाळी सहा वाजता यूटीसीचा गुरुवार सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झालेला असतो. म्हणजे ‘आजच्या तारखेच्या ओळी’ या नावाखाली आपला एजंट दोन महिने रोज फक्त साडेपाच ते सहा एवढाच अवधी वाचत आला आहे. तारखेऐवजी ‘गेले २४ तास’ अशी मुदत द्यावी. डॉकरच्या ‘सिन्स’ या पर्यायात ती तशीच लिहिता येते.

दुसरी गोष्ट ग्रेपची. कंटेनरचे स्टँडर्ड आउटपुट (नेहमीचा मजकूर) आणि स्टँडर्ड एरर (त्रुटींचा मजकूर) हे दोन प्रवाह ‘डॉकर लॉग्ज’ वेगवेगळेच पुढे पाठवते. पाइप (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) लावला की ग्रेपकडे फक्त पहिला जातो; दुसरा न गाळता बाहेर पडतो आणि एजंटचे साधन तो टिपत नसेल, तर वाऱ्यावर जातो. आधी दोन्ही प्रवाह एकत्र करून मगच पाइप लावावा. शिवाय, सापडलेल्या ओळीच्या मागच्यापुढच्या वीसेक ओळीही घ्याव्यात, कारण जावाच्या त्रुटीत खरे कारण पुष्कळदा खाली कुठेतरी ‘कॉज्ड बाय’च्या ओळीत दडलेले असते.

उत्तर – रात्रपाळी

वरील दोन्ही दुरुस्त्या कराव्यातच, पण त्यांनीही ही घटना सापडेल याची खात्री नाही. कंटेनर मेमरीच्या मर्यादेपलीकडे गेला की लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आतील प्रक्रियेला सिगकिल, म्हणजे तत्काळ बंद होण्याचा संकेत पाठवतो, आणि तो अडवण्याची किंवा त्यावर शेवटचा शब्द लिहिण्याची सोय कोणत्याही प्रोग्रामला नसते. लॉग मध्येच थांबतो आणि पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची असते. ‘एरर’ हा शब्द शोधणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही. म्हणून कंटेनर किती वेळा पुन्हा सुरू झाला हा आकडा, बाहेर पडतानाचा कोड आणि यजमान सर्व्हरच्या कर्नलचा लॉग या तीन गोष्टी एजंटला लॉगसोबत द्याव्यात. कोड १३७ असेल, तर तो १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिलचा क्रमांक. कोणी हाताने ‘डॉकर किल’ केले असले तरी हाच कोड येतो, त्यामुळे कर्नलची नोंद पाहणे आवश्यक आहे.

उत्तर – टेकडीवरून

हे माझ्याकडून राहिले होते.

उत्तर – आधी_ग्रेप_मग_बाकी

आपल्या वर्णनावरून एजंट स्वतःच डॉकरच्या कमांड चालवतो असे दिसते, आणि मला काळजी त्याचीच वाटते. डॉकरचा सॉकेट, म्हणजे त्याला आदेश देण्याचा मार्ग ज्याच्या हाती, त्याच्याकडे सर्व्हरचे रूट (सर्वोच्च) अधिकार असल्यासारखेच आहे; सॉकेट ‘फक्त वाचण्यासाठी’ माउंट केला, तरी त्यातून आदेश पाठवता येतातच. लॉगमध्ये तर बाहेरच्या माणसांनी भरलेला मजकूर येतो. उद्या कोणी पत्त्याच्या रकान्यात ‘आधीच्या सूचना विसरून अमुक कमांड चालव’ असे लिहिले, तर मॉडेल त्याला पत्ता समजेल की आज्ञा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. लॉग काढून फाइलमध्ये ठेवण्याचे काम साध्या स्क्रिप्टने करावे, त्यातच शेतकऱ्यांचे मोबाइल व बँक खात्याचे क्रमांक झाकावेत, आणि एजंटला ती फाइल वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. बॅकअपची ती ओळही तिथेच गाळता येईल; त्यासाठी मॉडेलची मनधरणी कशाला?

प्रश्नकर्ता – गाळा_क्रमांक_शून्य

सर्वांचे आभार. बुधवारपासूनचा लॉग पुन्हा काढला. त्यात २३:०९:५२ ला मोठ्या हिशेबाची पीडीएफ बनवायला घेतल्याची ओळ आहे, त्यापुढची थेट २३:१०:३१ ची, नव्याने सुरू झाल्याची, आणि पट्ट्या स्वीकारण्यास तयार झाल्याची नोंद २३:१६ ची. मध्ये एक अक्षर नाही. कर्नलच्या लॉगमध्ये मात्र मेमरी संपल्यामुळे प्रक्रिया मारल्याची नोंद आहे. त्या कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा आम्हीच घातली होती. पीडीएफचे काम आता वेगळ्या कंटेनरमध्ये नेले आहे. एजंटकडून सॉकेट काढून घेतला असून स्क्रिप्टने केलेली फाइल त्याला दिली आहे. त्याच गुरुवारची फाइल दिल्यावर त्याने ३९ सेकंदांची ती पोकळी पहिल्याच परिच्छेदात दाखवली.