चर्चा : बोलावण्याची वाट पाहणाऱ्या तरुणाला सोडतीने दिलासा दिला का?

आडवाट :
व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ रोजी, अमेरिकेने सक्तीच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली; तारीख जितक्या आधी निघेल तितका लहान क्रमांक, आणि लहान क्रमांकवाल्यांना आधी बोलावणे. त्यापूर्वी पात्र तरुणांतील वयाने मोठ्या असलेल्यांना आधी बोलावत, त्यामुळे सव्वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलगा टांगणीला लागलेला असे. 'वन-ए', म्हणजे लगेच बोलावता येण्याजोगा, असा शिक्का बसलेल्या मुलाला कायम नोकरीत घ्यायला बरेच मालक कचरत, कारण काम शिकवून तयार केलेला माणूस केव्हा उठून जाईल याचा भरवसा नसे. पत्ता बदलला तर दहा दिवसांत स्थानिक भरती मंडळाला कळवायचे, भरतीचे कार्ड सतत जवळ बाळगायचे आणि टपाल आले की आधी पाकिटावरचा शिक्का पाहायचा, असा तो दिनक्रम होता. सोडतीने हा धोका मुख्यतः एका वर्षापुरता आणला. माझ्या मते त्या मुलाला तारुण्याची काही वर्षे परत मिळाली.

चौकस :
मला हे पटत नाही. ३६६ निळ्या कुप्यांतून पहिली तारीख १४ सप्टेंबर निघाली आणि शेवटची ८ जून. या दोन्ही टोकांच्या मुलांचा निकाल त्याच रात्री लागला, हे खरे. पण ज्याचा क्रमांक १८० आला, त्याने काय करायचे? १९७० सालची बोलावणी अखेर १९५ पर्यंत गेली, मात्र त्या वर्षाच्या जानेवारीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. आपले मंडळ कोणत्या क्रमांकापर्यंत पोचले याची चौकशी करत त्याने अख्खे वर्ष काढले. खोली भाड्याने घ्यायची तर करार किती महिन्यांचा करावा, हप्त्याने गाडी घ्यावी की नाही, असले साधे निर्णयही त्याला घेता येत नव्हते. शिवाय सोडत तरी धड झाली का? कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या आणि पुरेशा ढवळल्या नाहीत, आणि डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा १९५ च्या आत आल्या. डिसेंबरात जन्मलेल्यांना तुम्ही कोणता दिलासा सांगणार?

आडवाट :
तो दोष ढवळण्याचा होता, पद्धतीचा नव्हे. जुलै १९७० च्या सोडतीत तारखा आणि क्रमांक दोन वेगळ्या पिंपांतून काढले गेले. १८० क्रमांकाच्या मुलाची घालमेल मला मान्य आहे, परंतु वर्ष सरले की ती बहुतांशी संपत होती. आधीच्या पद्धतीत मात्र वय वाढेल तसा धोका वाढत असे.

उत्तररात्र :
आपण दोघेही नशिबावरच वाद घालत आहात. खरी मेख विद्यार्थी सवलतीत, म्हणजे शिकत असेपर्यंत भरती लांबणीवर टाकण्याच्या सोयीत, होती. मोठा क्रमांक मिळालेला महाविद्यालयीन मुलगा १९७० च्या अखेरीस स्वतःहून सवलत सोडून वन-ए होई, वर्ष संपेपर्यंत बोलावणे आले नाही की जवळजवळ मोकळा होई. लहान क्रमांकवाला सवलतीला चिकटून राही. कारखान्यात कामाला लागलेल्या मुलापुढे असे दोन दरवाजे नव्हतेच. त्याला आलेला क्रमांक मुकाट्याने सोसावा लागे. नव्या विद्यार्थ्यांची सवलत बंद झाली ती १९७१ च्या कायद्याने, आणि तोवर पुष्कळ मुले व्हिएतनामला जाऊनही आली होती. (काही परतलीच नाहीत, हे वेगळे सांगायला नको.)

चौकस :
उत्तररात्र, वर्गभेदाचा मुद्दा निर्विवाद आहे, पण महाविद्यालयीन मुलगा निवांत होता असे चित्र उभे करू नका. ती सवलत म्हणजे निव्वळ मुदतवाढ होती आणि तिच्यापायी भरतीस पात्र असण्याची वयोमर्यादा सव्विसावरून पस्तिसावर जाई. अभ्यासात मागे पडला की सवलत धोक्यात येई, म्हणून नावडता विषयही रेटावा लागे. वैद्यकीयसारख्या मोजक्या शाखा वगळता पदव्युत्तर शिक्षणाची नवी सवलत १९६८ मध्येच थांबली होती, त्यामुळे अंतिम वर्षाच्या मुलाला पदवीदान समारंभाची तारीख आनंदाची वाटत असेल, असे मला तरी वाटत नाही.