शाळेत पाहुणे येऊन गेले की मुलांनी काय लिहावं? आणि लिहावं का?

वहीचं_पान (धागाकर्ती)

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आठवडा संपताना आमची मुलं 'या आठवड्यात मी काय शिकलो' हे वहीत लिहितात. वर्गात कुणी पाहुणे येऊन गेले की त्यांच्याबद्दलही लिहितात. यावरून शिक्षकांत दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, सगळ्या वह्यांत तेच ते असतं, बंद करा. बाकीचे म्हणतात, चालू ठेवा आणि चांगली पानं निवडून दर्शनी फलकावर लावा.

मला दोन्ही पटत नाही. मुलांनी लिहावं, अगदी पहिल्या-दुसरीपासून लिहावं, पण ते कुणाला दाखवण्यासाठी नसावं.

एक उदाहरण देते. वर्गात अग्निशमन दलाचे एक जवान आले होते. नंतरच्या बहुतेक वह्यांत 'खूप मजा आली. छान माहिती मिळाली. काकांचे आभार' एवढंच. एका मुलीने मात्र लिहिलं होतं: 'धूर वर जातो म्हणून आपण खाली रांगत जायचं. मग धूर खाली कधी येतो? काकांचे बूट मला एका हाताने उचलले नाहीत.' तिच्या प्रश्नावर विज्ञानाचा अख्खा तास रंगला. छताला लागलेला धूर साठत जातो, त्याचा थर जाड होत होत खाली उतरतो, थंड झालेला धूरही खाली येतो, म्हणून खाली वाकून निघायलाही वेळ थोडाच असतो, इथपर्यंत मुलं पोचली. हे माझ्या पाठाच्या नियोजनात कुठेच नव्हतं.

'छान माहिती मिळाली' लिहिणारी मुलं काहीच शिकली नाहीत असं मी म्हणत नाही. पान फलकावर लागणार, पाहुण्यांकडे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग ती पाहुण्यांसमोर बोलावं तसंच लिहितात. आपणच त्यांना तसं शिकवतो आणि वर म्हणतो की मुलांना विचार करता येत नाही.

हातचा_एक

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी बंद करा म्हणणाऱ्यांपैकी आहे. गणित शिकवतो, म्हणून माझं उदाहरण गणितातलं.

अपूर्णांकांचा पाठ झाला. मुलाने वहीत लिहिलं, 'आज मला अपूर्णांक छान समजले.' शेजारी हसरा चेहरा. त्याच मुलाला विचारलं, १/३ मोठा की १/४? म्हणाला १/४, कारण ४ मोठा. आता त्या पानाचं मी काय करू? त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला खरंच समजल्यासारखं वाटत होतं.

लहान वयात आपल्याला किती येतं याचा अंदाज फार कच्चा असतो. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली मुलांना चित्रांच्या ओळी दाखवून विचारलं होतं, यातली किती ओळीने लक्षात राहतील? बालवर्गातल्या मुलांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षात जमलेल्यापेक्षा खूप मोठा होता. चौथीतल्या मुलांचे अंदाज बरेच जवळचे होते. म्हणजे ज्या वयात तुम्ही 'काय शिकलास' विचारताय, त्याच वयात उत्तर सगळ्यात बेभरवशाचं असतं.

त्या पानभर लिखाणाच्या वेळात मी चार उदाहरणं सोडवून घेईन. कोण कुठे अडलंय ते मला लगेच दिसेल, आणि मुलालाही.

वहीचं_पान

सर, १/४ चं उदाहरण अगदी नेमकं आहे. पण त्यात चूक प्रश्नाची आहे. 'समजलं का?' विचारलं तर 'समजलं' हेच उत्तर येणार. मी विचारते, 'वही न उघडता सांग, १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता आणि का? चित्र काढून दाखव.' हेही शिकण्याकडे वळून बघणंच आहे, आणि तुमची चार उदाहरणं यापासून फार लांब नाहीत.

आणखी एक, हे लेखन पाठ संपल्या संपल्या नको. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ साली दाखवलं की शिकल्यावर लगेच केलेल्या अंदाजापेक्षा थोडा वेळ जाऊ देऊन केलेला अंदाज कितीतरी अचूक असतो. तो अभ्यास मोठ्यांवरचा आहे. पण माझ्या वर्गात मीही हेच बघते. शुक्रवारी 'सगळं येतं' म्हणणारं मूल सोमवारी कोऱ्या पानासमोर बसलं की स्वतःच म्हणतं, 'बाई, ते मधलं मला आठवत नाहीये.' हे 'मधलं' त्याला स्वतःला सापडणं, यासाठीच सगळा खटाटोप.

हातचा_एक

आठवून लिहिण्याला माझा विरोध नाहीच. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. पण याला चाचणी म्हणा ना! 'मला कसं वाटलं', 'मला काय आवडलं' यात तास घालवण्याला माझा विरोध आहे. आणि पाहुण्यांच्या बाबतीत तर नव्वद टक्के तेच असतं.

दोन_लेकरांची_आई

दोघांचं वाचलं. मला वेगळ्याच मुद्द्यावर भांडायचंय. 'कुणाला दाखवण्यासाठी नसावं' हे मला बिलकूल मान्य नाही.

मुलाला विचारलं, आज शाळेत काय केलं? 'काही नाही.' हे रोजचं. त्याच्या दिवसातले एवढे तास माझ्यासाठी बंद दाराआड असतात. फलकावर त्याचं पान वाचते तेव्हा कळतं की कुणीतरी कीटकांवर बोलायला आलं होतं आणि मुंगीला फुप्फुसं नसतात हे ऐकून हा चकित झाला होता. त्यावरून आम्ही रात्री तासभर बोललो, शरीराच्या बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून ती हवा घेते इथपर्यंत. पान कपाटात राहिलं असतं तर हे घडलं नसतं. आणि कुणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मूल अक्षर नीट काढतं, वाक्य पूर्ण करतं. यात वाईट काय?

वहीचं_पान

वाईट काहीच नाही. पण पान लावायचं की नाही हे मुलाने ठरवावं, आणि लिहून झाल्यावर ठरवावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १२ मुलाला मत मांडायचा हक्क देतं आणि कलम १६ त्याच्या खासगीपणाचं रक्षण करतं. 'मला अजून घड्याळ वाचता येत नाही' असं लिहिलेलं पान न विचारता सगळ्यांसमोर लागलं, तर ते मूल पुन्हा कधी खरं लिहील? मुंगीचं पान त्याला मिरवायचं असेल तर जरूर मिरवू द्या. घड्याळाचं पान त्याच्या आणि माझ्यात राहू द्या.

दोन_लेकरांची_आई

मुलाला विचारून, हे मान्य. पण सगळंच झाकून ठेवायला माझा विरोध कायम आहे. वर्गात काय चाललंय हे कळण्याचा पालकांना दुसरा मार्ग उरत नाही.

खडकवाचक

मी या चर्चेतला 'पाहुणा' आहे. भूविज्ञानाचं काम करतो आणि बोलावणं आलं की दगडांची पेटी घेऊन शाळांमध्ये जातो.

आभारपत्रांचे गठ्ठे मला पोचतात. प्रेमाने पाठवलेले असतात, पण सगळ्या पत्रांत फळ्यावरून उतरवलेली तीच चार वाक्यं. त्यावरून मला काहीच कळत नाही: काय डोक्यावरून गेलं, कुठे मी फार बोललो, पुढच्या वेळी काय बदलू. एका शाळेने मात्र मुलांना न सुटलेले प्रश्न पाठवले. त्यात एक होता: 'प्युमिस दगड पाण्यावर तरंगतो, मग तो दगड कसा?' तेव्हा लक्षात आलं की 'दगड म्हणजे जड' ही मुलांची समजूत मी हलवलेलीच नव्हती. ज्वालामुखीच्या फेसाळ लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात म्हणून तो हलका होतो, हे मी आता तुकडा फोडून, भोकं दाखवून सांगतो.

आणखी एक मार्ग सुचवतो. भेटीआधी आणि नंतर मुलांना 'शास्त्रज्ञ' काढायला सांगा. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली अशा ४,८०७ मुलांच्या चित्रांचा अभ्यास मांडला होता. त्यात स्त्री शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. अमेरिकेतल्या पाच दशकांच्या अभ्यासांचा आढावा २०१८ साली आला, त्यात हे प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. पण तिथेही मुलं मोठी होतात तशी पुरुषच जास्त काढू लागतात. म्हणून प्राथमिक वयातल्या भेटी मला महत्त्वाच्या वाटतात. माझी सहकारी माझ्याऐवजी गेली तर मुलांच्या चित्रात काय बदलतं, हे मला बघायचंय.

हातचा_एक

सर, प्युमिसचा प्रश्न आवडला. चित्रांचं पटलं नाही. सकाळी बाई दगड दाखवून गेल्या आणि दुपारी तुम्ही 'शास्त्रज्ञ काढा' म्हणालात, तर मुलं बाईच काढणार. त्यातून एवढंच कळतं की काय काढायचं ते त्यांनी ओळखलं. बघायचंच असेल तर काही महिन्यांनी, भेटीचा विषयही न काढता बघा.

खडकवाचक

रास्त आहे. काही महिन्यांनीच बघायला हवं.

अबोल_बाक

एक मुद्दा राहिलाच. ज्या मुलांना लिहिणंच जड जातं त्यांचं काय? माझी भाची बोलायला लागली की थांबत नाही, पण वही समोर आली की दोन ओळींत आटपते. तिच्या पानावरून शिक्षकांनी ठरवलं की पाहुण्यांच्या वेळी तिचं लक्ष नव्हतं. विचारांचं मोजमाप हस्ताक्षराने होत असेल तर मी हातचा_एक यांच्या बाजूने आहे. बंदच करा.

वहीचं_पान

बंद नको, ताई. अशा मुलांचं मी तोंडी ऐकते आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. शब्द सुधारत नाही. चित्रही चालतं. पण अख्ख्या वर्गासाठी दर आठवड्याला हे जमत नाही, पाळीपाळीने करावं लागतं, आणि वेळ कमी पडतो ही अडचण खरीच आहे.

हातचा_एक

माझं म्हणणं हेच! आणि तो वेळ माझ्या गणिताच्या तासातून जातो.

वहीचं_पान

मग तुमच्याच तासात, तुमच्याच विषयावर करू. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनची २०१८ ची शिक्षकांसाठीची मार्गदर्शिकाही सांगते की शिकण्याबद्दलचा विचार विषयापासून तोडून शिकवू नका. वेगळा 'चिंतनाचा तास' मलाही नको. सोमवारी तुमच्या तासाच्या सुरुवातीला एक प्रश्न, वही बंद, पाच मिनिटं. शेवटी एक ओळ: 'अजून काय अडतंय?' ती पानं कुठेही लागणार नाहीत. फक्त तुम्ही वाचायची.

हातचा_एक

पाच मिनिटं देतो. पण प्रश्न मी ठरवणार. आणि 'मजा आली' असं कुणी लिहिलं तर पान परत करणार.

वहीचं_पान

परत करू नका, 'कशात?' एवढं विचारा.

खडकवाचक

आणि पाहुणे यायच्या आधीच मुलांचे प्रश्न त्यांच्याकडे पाठवा. मला ते आदल्या दिवशी मिळाले तर पेटीत कोणते दगड घ्यायचे ते त्यावरूनच ठरवीन.