एका टन बगॅसमधून ३०० लिटर विमान इंधन? हा आकडा कुठून येतो?

वाळवा_आसवनी
नमस्कार मंडळी. कारखान्याच्या डिस्टिलरीपुढं एक प्रस्ताव आलाय, त्यावर जाणकारांचं मत हवं. गाळप दिवसाला ५,००० टन, बगॅस (रस काढून उरलेला उसाचा चोथा) २८ टक्के धरलं तर १,४०० टन. बॉयलरचं भागवून हंगामात रोज २०० टन बाजूला काढता येईल असं चीफ इंजिनिअरांचं म्हणणं. सल्लागार म्हणतात, टनाला ३०० लिटर शाश्वत विमान इंधन निघेल, म्हणजे रोज ६० हजार लिटर. आधी बगॅसचं इथेनॉल, मग इथेनॉलचं जेट, असा मार्ग त्यांनी दाखवलाय. संचालक मंडळातल्या एकाला गॅसिफिकेशन, म्हणजे बगॅसचा गॅस करून त्याचं इंधन, बरं वाटतंय, दुसऱ्याचं म्हणणं पायरोलिसिसचा, म्हणजे हवेशिवाय भाजून तेल काढायचा, छोटा प्लांट टाकू. आकडा खरा आहे का, आणि तिघांपैकी कुणाचं ऐकावं?

उत्प्रेरक
आकडा हवेतला नाही, म्हणून जास्त घातक आहे. तो कसा आला ते बघा. एक टन पूर्ण कोरडं बगॅस घ्या. त्यात सेल्युलोज ४० टक्के, हेमिसेल्युलोज २५ टक्के. सेल्युलोज ४०० किलो, त्याचं ग्लुकोज ४४४ किलो, त्याचं इथेनॉल कागदावर २८८ लिटर. हेमिसेल्युलोज २५० किलो, झायलोज २८४ किलो, इथेनॉल १८४ लिटर. एकूण ४७२.

आता इथेनॉल ते जेट. ४६ ग्रॅम इथेनॉलमधून पाणी गेलं की २८ ग्रॅम इथिलीन उरतं, म्हणजे वजनाच्या ६१ टक्के. लिटरभर इथेनॉल ७८९ ग्रॅम, त्यातून ४८० ग्रॅम इथिलीन. तयार इंधनाची घनता ०.७६ धरली तर एका लिटरला कमीत कमी १.५८ लिटर इथेनॉल. ४७२ भागिले १.५८, झाले २९९. हाच तुमचा ३००! म्हणजे बगॅस हाडासारखं कोरडं, प्रत्येक टप्प्यावर उतारा शंभर टक्के, आणि निघालेला प्रत्येक थेंब जेटच. यातलं एकही गृहीतक मिलच्या पट्ट्यावर टिकत नाही.

तुमचं बगॅस ५० टक्के ओलं. तिथेच निम्मं गेलं. एन्झाइमनं सेल्युलोजचं ८५ टक्के सुटलं आणि यीस्टनं ९० टक्के उतारा दिला तर ओल्या टनाला ग्लुकोजकडून ११० लिटर. साधं यीस्ट झायलोज खात नाही. ते खाणारी सुधारित जात वापरली तर एकूण १२५ ते १४० लिटर म्हणता येईल. त्याला प्रत्यक्षातल्या १.७ ते १.८ नं भागा, ७० ते ८० लिटर हायड्रोकार्बन. त्यातला जेटच्या कटात, म्हणजे उकळबिंदूच्या पट्ट्यात, बसणारा भाग ७० ते ९० टक्के, बाकी हलका नॅफ्था आणि डिझेल. ओल्या टनाला ५५ ते ७० लिटर एवढंच डोक्यात ठेवा. रोजचे ६० हजार नव्हे, ११ ते १४ हजार लिटर.

ताळा म्हणून पानिपतचा इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीचा प्लांट घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, रचना वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉलची. म्हणजे टनाला १५० लिटर, तेही पेंढा बगॅसपेक्षा कितीतरी कोरडा असताना.

वाळवा_आसवनी
२९९ बघून कपाळाला हात लावला. पण बगॅसचं इथेनॉल करताना नेमकं अडतं कुठं? आमची डिस्टिलरी मळीवर वर्षानुवर्षं चालते, आंबवण्याची माणसं तयार आहेत.

उत्प्रेरक
आंबवणं हा सगळ्यात सोपा भाग. गाडी अडते ती त्याच्या आधी. बगॅसला १८० ते २१० अंश सेल्सिअसला वाफेत, सौम्य आम्लासोबत ५ ते १५ मिनिटं ठेवून दाब एकदम सोडतात, तेव्हा तंतू उकलतात. जरा कमी तापवलं तर एन्झाइमला आत शिरता येत नाही. जास्त तापवलं तर झायलोजचं फरफ्युरल होतं, बगॅसमधलं अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि यीस्ट बसतं. ही खिडकी अरुंद आहे, आणि बगॅसची ओल रोज बदलली की तीही रोज सरकते.

दुसरं, माती. पावसाळी तोड किंवा यंत्रानं तोडलेला ऊस आला की बगॅसबरोबर वाळू येते. दाबाच्या भांड्यात माल ढकलणाऱ्या स्क्रूची पाती ती खाऊन टाकते. स्क्रूत मालाची घट्ट गुडदी बसली नाही की वाफ उलटी येते आणि लाइन बंद. प्रयोगशाळेतले आकडे धुतलेल्या, चाळलेल्या बगॅसचे असतात हे सल्लागार सांगत नाहीत.

त्यानंतर ५० अंश, सामू ५ च्या आसपास, ४८ ते ७२ तास एन्झाइम. घन भाग १५ ते २० टक्क्यांवर ठेवला नाही तर आंबवून मिळणारा वॉश इतका पातळ येतो की डिस्टिल करायलाच वाफ संपते. आणि तेवढा घट्ट ठेवला तर पहिले काही तास तो ढवळला जात नाही. म्हणून माल हप्त्याहप्त्यानं घालतात. मळीवर काम केलेल्या माणसाला हे नवीनच असतं, कारण मळी पंपानं जाते.

गॅसिफायर_कराड
उत्प्रेरक साहेबांचा हिशेब मान्य. पण गॅसिफिकेशन विसरू नका, त्याच्यात लिग्निनचाही (तंतूंना कडकपणा देणाऱ्या भागाचा) कार्बन कामी येतो. इथेनॉलच्या वाटेनं लिग्निन फक्त बॉयलरला जातं. अशा गॅसपासून उत्प्रेरकावर केलेलं फिशर-ट्रॉप्श इंधन २००९ पासून एएसटीएम डी ७५६६ या कृत्रिम विमान इंधनाच्या मानकात मान्य आहे, ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येतं. कोरड्या टनाला सगळं द्रव मिळून १२० ते २०० लिटर धरायला हरकत नाही.

अडचणी मात्र ढीगभर. ५० टक्के ओल १५ वर आणायला प्रत्येक टनामागं ४१० किलो पाणी उडवावं लागतं. बगॅस हलकं आणि तंतुमय, हॉपरमध्ये कमान धरतं, फीड तुटतं, लगेच गॅसचं प्रमाण बिघडतं. राखेत पोटॅश आणि सिलिका, ८५० अंशाच्या आसपास बेडची वाळू चिकटून गोळे होतात. डांबर साधारण ३५० अंशाखाली गॅस आला की नळीत जमतं. आणि एवढं सगळं पार करून कोबाल्ट उत्प्रेरकापुढं गंधक जवळजवळ शून्य हवं, अब्जात काही भाग.

अमेरिकेत नेवाडा राज्यात फुलक्रम बायोएनर्जी शहरी कचऱ्यापासून हेच करत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कच्चा माल वेगळा होता, पण दुखणं गॅसिफायर आणि गॅस सफाईच्याच बाजूचं. रोज २०० टन ओल्या मालावर हा प्लांट परवडणार नाही, दहापट माल हवा. एवढंच की पुढं सांगली, सातारा, कोल्हापूरचं बगॅस आणि पाचट एकत्र आणायचा विचार कुणी केला, तर हीच वाट पुन्हा उघडावी लागेल.

पायरोलिसिसबद्दल संचालकांना एकच प्रश्न विचारा: तेल विकणार कुणाला? ५०० अंशाला दोन सेकंदांत भाजून कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांवर तेल मिळतं, दिसायलाही झकास. पण त्यात ऑक्सिजन ३५ ते ४० टक्के, पाणी २० टक्क्यांच्या आसपास, सामू २ ते ३. साधं लोखंड गंजतं. डिस्टिल करायला तापवलं तर भांड्यात गोठून बसतं. हायड्रोजन लावून सुधारायला गेलं की उत्प्रेरकावर कोळशी धरते. आणि बगॅसच्या अशा तेलापासून केलेल्या जेटला डी ७५६६ मध्ये अजून स्वतंत्र परिशिष्टच नाही.

एटीएफ_लॅब
मंडळी, उताऱ्याच्या पुढची गोष्ट. कारखान्यात तयार झालेलं हे द्रव विमानात थेट घालता येत नाही. इथेनॉलच्या मार्गाला २०१८ पासून मान्यता आहे, पण ५० टक्क्यांपर्यंतच, आणि मिसळल्यावर सगळ्या चाचण्या पुन्हा. आपल्याकडे त्यासाठी आयएस १७०८१ हे मानक आहे.

कारण घनता आणि अ‍ॅरोमॅटिक्स (वलयाकार हायड्रोकार्बन). शुद्ध कृत्रिम इंधनाची घनता ७३० ते ७७०, तर मिश्रणाला घनमीटरला किमान ७७५ किलो लागते. अ‍ॅरोमॅटिक्स शुद्धात जवळपास नसतातच, मिश्रणात किमान ८ टक्के हवेत, कारण जुन्या नायट्राइल रबरी सीलना फुगवून ठेवायचं काम तेच करतात. म्हणून कागदावर ५० टक्के परवानगी असली तरी सोबतच्या एटीएफमध्ये, म्हणजे नेहमीच्या विमान इंधनात, अ‍ॅरोमॅटिक्स १४ टक्केच असतील तर ५० टक्के मिसळून ७ येतात आणि बॅच नापास. गोठणबिंदू शुद्धाचा उणे ४०, जेट ए-१ चा उणे ४७. फ्लॅश पॉइंट ३८ च्या वर. ऑलिगोमर, म्हणजे इथिलीन जोडून झालेल्या साखळ्या, नीट कापले नाहीत तर हलकं टोक फ्लॅश पॉइंट पाडतं, जड टोक गोठणबिंदू वर नेतं. डिस्टिलेशन कॉलमवर शेवटी सगळं येऊन थांबतं.

हे काम रिफायनरीच्या दाराशी होतं. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली एअर एशिया इंडियाच्या विमानात देशी कच्च्या मालाचं इंधन गेलं, त्यामागं पुण्याची प्राज आणि इंडियन ऑइल होती. मागणी तयार होतेय: आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २, २०३० ला ५, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. पण तुमचा ग्राहक विमान कंपनी नसेल, इथेनॉल घेणारा असेल.

वाळवा_आसवनी
मग सरळ विचारतो. जेटचं स्वप्न बाजूला ठेवलं आणि आमचं मळीचं इथेनॉल अशा प्लांटला द्यायचं ठरवलं, तर पेट्रोलमध्ये जाणाऱ्या इथेनॉलपेक्षा त्यांना वेगळं काय लागेल?

उत्प्रेरक
इथे डिस्टिलरीला थोडा फायदाच आहे. पेट्रोलसाठी ९९.५ टक्क्यांच्या वर नेऊन मॉलिक्युलर सीव्हमधून पाणी काढावं लागतं. इथिलीन करताना रिअ‍ॅक्टरमध्ये वाफ मुद्दाम घालतात, त्यामुळे ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट चालतं. सीव्हचा खर्च वाचतो.

पण अशुद्धीवर नजर कडक. सल्फिटेशनच्या (गंधकाच्या वायूनं रस साफ करणाऱ्या) कारखान्यातल्या मळीबरोबर गंधक येतं, त्याची संयुगं कॉलममधून वर सरकून स्पिरिटमध्ये उतरतात आणि पुढं ऑलिगोमरायझेशनच्या निकेलला मारतात. फ्युजेल ऑइलचा (जड अल्कोहोलांचा) साइड ड्रॉ आळसानं चालवू नका. सोडियम, पोटॅशियम फेस आल्यामुळं वॉशबरोबर उडून येतं, ते अ‍ॅल्युमिनाची आम्लता खातं. डिनॅचरंट (स्पिरिट पिण्याजोगं राहू नये म्हणून मिसळतात ते) घालण्याआधीचाच माल द्या. नायट्रोजन असलेलं काहीही आम्लधर्मी उत्प्रेरकाला विष.

रिअ‍ॅक्टरची गंमतही सांगतो, म्हणजे ते लोक नखरे का करतात ते कळेल. ही क्रिया उष्णता ओढते, बेड थंड होत जातो. २५० च्या खाली आला की इथिलीनऐवजी डायइथाइल ईथर निघायला लागतं. भीतीनं वर नेला तर अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि कोक. म्हणून दोन-तीन बेड, मध्ये पुन्हा तापवणं. फीडची गुणवत्ता बदलली की हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

आणि आकाराची जाणीव ठेवा. अमेरिकेत जॉर्जियातल्या सोपर्टनचा लॅन्झाजेटचा प्लांट वर्षाला १ कोटी गॅलनचा, म्हणजे पावणेचार कोटी लिटर. त्याला सहा-साडेसहा कोटी लिटर इथेनॉल लागणार. ६० किलोलिटरची डिस्टिलरी ३०० दिवस चालली तर १ कोटी ८० लाख. कृष्णाकाठच्या तीन-चार डिस्टिलऱ्या मिळून एका प्लांटला पुरतील.

एटीएफ_लॅब
त्यात कार्बनचा हिशेब जोडा. कोर्सियात, म्हणजे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन योजनेत, मूळ आकडा मेगाज्युलला ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, त्यापेक्षा किमान १० टक्के कमी दाखवावं लागतं, आणि खरेदीदार त्याहून बरंच कमी मागतो. ऑफ सीझनला डिस्टिलरीच्या बॉयलरला कोळसा घालत असाल तर तो आकडा चढतो. ऊस घेतलेली जमीन १ जानेवारी २००८ नंतर जंगल किंवा पाणथळ तोडून केलेली नाही याची नोंद लागते. शेतकऱ्यांचे गट नंबर कारखान्याकडं असतातच, फक्त ते तपासणाऱ्याला दाखवता येतील अशा मांडणीत हवेत.

माणदेशी
जत, आटपाडी, माणकडे पडीक जमिनीवर जट्रोफा, करंज लावा असं कुणी ना कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. इंधन होतं यात शंका नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये देहरादूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान भारतीय पेट्रोलियम संस्थेच्या जट्रोफा इंधनाच्या मिश्रणावर आलं होतं. अडचण झाडाची. पाण्याशिवाय ते जगतं, पण बी धरत नाही, आणि पाणी द्यायचं तर माणूस डाळिंबाला देणार. शिवाय तेलाच्या साखळ्या अठरा कार्बनच्या, नुसता ऑक्सिजन काढला की ऑक्टाडेकेन मिळतो, तो २८ अंशालाच गोठतो. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर साखळी फाटे फोडून वळवावी लागते, हायड्रोजन वेगळाच. तळणाचं वापरलेलं तेल जास्त व्यवहारी, पण ते सांगली-मिरजेत गोळा करून किती होणार!

गॅसिफायर_कराड
बगॅसवर ठाम असाल तर साठवणीचा विचार आधी करा. हंगाम चार-पाच महिन्यांचा, प्लांटला वर्षभर माल हवा. २०० दिवसांसाठी रोज २०० टन म्हणजे ४० हजार टन. सैल बगॅस घनमीटरला १३० किलो, दहा मीटर उंच ढीग घातला तर साडेसात एकर जागा. गाठी बांधल्या तर कमी. आतून तापतं, साखर आंबते, सेल्युलोज कुजतं, आग तर कायमचीच भीती. आणि हेच बगॅस ६७ अटा (वातावरणाच्या सुमारे ६७ पट) दाबाच्या बॉयलरला घातलं तर टनाला ४०० ते ४५० युनिट वीज होते. ५५ ते ७० लिटर इंधनाची किंमत त्या विजेच्या पुढं ठेवून बघा, मगच बैठकीत बोला.

वाळवा_आसवनी
सल्लागारांना लेखी तीन गोष्टी मागतोय: उतारा कोरड्या टनावर की ओल्यावर, झायलोज आंबवणारं यीस्ट कुणाचं आणि कुठल्या प्लांटवर चाललेलं, आणि जेटच्या कटात टक्के किती. इथेनॉल पुरवठ्याचा पर्यायही मंडळापुढं मांडतो.

उत्प्रेरक
चौथी घाला: एन्झाइमचा डोस, सेल्युलोजच्या ग्रॅममागं किती मिलिग्रॅम प्रथिन, आणि ते बगॅस धुतलेलं होतं की मिलवरून थेट आलेलं. शिवाय करारात पुरवठा टनावर नको, कोरड्या वजनावर ठेवा. ओल मोजायला प्रत्येक खेपेचा नमुना १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत.