पानाच्या कळीला काय म्हणायचं? मदत हवी आहे

हा प्रश्न माझ्या आठ वर्षांच्या लेकीचा आहे. आम्ही इंग्लंडात राहतो. फेब्रुवारीत वाऱ्याने पडलेली हॉर्स चेस्टनटची फांदी ती बागेतून घरी घेऊन आली. टोकाला तपकिरी, बोटाला चिकटणारा फुगवटा. "हे काय गं आई?" मी बेधडक म्हटलं, कळी. फांदी पाण्यात घालून खिडकीत ठेवली. काही आठवड्यांनी फुगवटा फुटला आणि आतून मिटलेल्या छत्रीसारखी पानं लोंबायला लागली. फूल नाहीच. "आई, तू चुकलीस."

चुकलेच. कळी म्हटलं की मला मोगराच दिसतो. फार तर लवंग, कारण ती न उमललेली, वाळवलेली कळीच असते. पण जिच्यातून पान निघणार तिला काय म्हणायचं? कोंब म्हणजे बाहेर डोकावल्यावरचा, पालवी म्हणजे तर पानंच झाली. मला बंद असतानाचा शब्द हवाय. शाळेच्या पुस्तकात 'मुकुल' होतं, पण बोलताना ते मी कुणाकडून ऐकलं नाही (वर्गात मुकुल नावाची दोन मुलं होती तेवढंच).

आमच्या मराठी वर्गासाठी 'कळी'चा तक्ताही करतेय. कळी खुलणे, परकराच्या कळ्या, चुन्याची कळी, कळीचे लाडू एवढं जमलंय. कळीचा नारद आणि कळीचा मुद्दा यांत घालू का?

बागाईतदार_तासगाव:
ताई, डोळा म्हणा. द्राक्षाच्या काडीवर, उसाच्या कांडीवर आम्ही डोळाच म्हणतो. उसाची एक डोळ्याची टिपरी, म्हणजे कांडीचा तुकडा, लावताना डोळा वर ठेवतात. गुलाबावर कलम करतात ते डोळा भरणं. आणि द्राक्षात तर कळी म्हणून चालायचंच नाही. एप्रिल छाटणीनंतर जी काडी वाढते तिच्या डोळ्यात घड आतल्या आत तयार होतो. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे फुगतात, पोंगा म्हणजे मिटलेल्या पानांचं टोक दिसतं, मग पानं आणि घड एकाच डोळ्यातून बाहेर पडतात. आत काय दडलंय ते वरून कळत नाही, म्हणून छाटणीआधी काड्या तपासून घेतो. तुमच्या चेस्टनटचंही तसंच असेल.

शब्दवेडी:
नारद आणि मुद्दा दोन्ही काढा. नारदाची कळ म्हणजे भांडण, 'कळ लावणे'मधली. मुद्द्याची कळ यंत्राची, दाबली की सगळं हलतं. फुलाशी दोघींचं नातं नाही, 'कळीचा' हे रूप तेवढं सारखं दिसतं. तक्त्यात कळीदार अंगरखा टाका, मुलांना चित्र काढता येईल.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार! डोळा लेकीला एकदम पटला. टोपलीतला बटाटा उचलून म्हणाली, "मग याला पण?" हो म्हटलं. आता ती मोजत बसलीय.